सुईणबाईंचा हिशेब

नमस्कार मंडळी. गेल्या अंकात अमेरिकेतल्या पायोनियर लोकांवर लेख होता, म्हणजे पूर्वेकडची जुनी गावं सोडून जंगलात नाहीतर माळरानावर नवीन वस्ती करायला निघालेली ती कुटुंबं. त्यात सुईणीबद्दल एकच वाक्य होतं, की "डॉक्टर नव्हता तिथे सुईण असायची", आणि पत्रं आली ती जवळजवळ सगळी त्या एका वाक्यावर. मग ठरवलं, यावेळचा अख्खा कॉलम तिलाच देऊन टाकू. तीन बायकांची नावं पुन्हा पुन्हा येतील, ती आधीच सांगते. मार्था बॅलर्ड (१७३५-१८१२), मेन भागात केनेबेक नदीकाठच्या हॅलोवेल गावची. पॅटी सेशन्स (१७९५-१८९२), मॉर्मन पंथाच्या लोकांबरोबर यूटाला गेलेली. आणि बिडी मेसन (१८१८-१८९१), लॉस एंजेलिसची.

प्र. मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तेव्हा सुईण व्हायला काही कोर्स, परीक्षा, लायसन्स असं होतं का, की कुणीही उठून सुईण व्हायची?

उ. कोर्स नव्हता गं, पण कुणीही उठून होत नव्हती. शिकायची पद्धत एकच, जाऊन बसायचं. कुणाचं बाळंतपण असलं की शेजारच्या चार-पाच बायका जमायच्याच, कुणी पाठ धरायला, कुणी चूल सांभाळायला, कुणी नुसती धीर द्यायला, आणि अशी वीस-पंचवीस बाळंतपणं जवळून बघितलेली, स्वतःची पाच-सात झालेली, हात स्थिर असलेली एखादी बाई मग हळूहळू पुढे सरकायची. मार्थाचं तसंच झालं असणार, तिला स्वतःला नऊ मुलं, हॅलोवेलला आल्यावर १७७८ मध्ये तिथलं पहिलं बाळंतपण केलं तेव्हा वय त्रेचाळीस. पॅटीची गोष्ट जास्त गमतीची आहे. सतराव्या वर्षी लग्न झालं, सासू सुईण, पण संधिवाताने पाय धरलेले. एक दिवस तातडीचं बोलावणं आलं, सासूला झपझप चालता येईना म्हणून सुनेला म्हणाली तू हो पुढे, मी आलेच मागून. सासूबाई पोचल्या तेव्हा मूल बाहेर आलेलं होतं आणि बाळंतीणही ठीक होती. झाली परीक्षा.

रीतसर शिक्षण यायला वेळ लागला. १८७० च्या दशकात यूटातल्या मॉर्मन बायका फिलाडेल्फियाच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजात शिकायला गेल्या, त्यातली एलिस शिप १८७८ मध्ये डॉक्टर होऊन परत आली आणि लवकरच तिने सॉल्ट लेक सिटीत सुईणी नि नर्सेससाठी शाळा काढली. तिथे शिकलेल्या बायका मग लांबलांबच्या वस्त्यांवर गेल्या. म्हणजे तू आज जे शिकतेयस त्याची ही जवळजवळ पहिली बॅच म्हण.

प्र. रोजचं जगणं कसं असायचं? लेखात "खडतर" लिहून मोकळे झालात!

उ. बरोबर पकडलंत, "खडतर" लिहिणं हा आमचा आळशीपणा. आता सविस्तर घ्या.

मार्थाबद्दल एवढं माहिती आहे कारण ती बाई १ जानेवारी १७८५ पासून मे १८१२ पर्यंत जवळजवळ रोज डायरी लिहीत होती. सत्तावीस वर्षं. दहा हजारांच्या आसपास नोंदी, आणि ८१६ बाळंतपणं. वर्षाला सरासरी तीस पडतात, पण ती अशी सरासरीने थोडीच येणार, दोन आठवडे शांत आणि मग एका रात्री दोन घरची माणसं दारात उभी, एक नदीच्या अलीकडचं, एक पलीकडचं. नदी हा तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा त्रास होता असं मला वाचताना वाटत राहतं, बाळंतपणापेक्षाही. उन्हाळ्यात कॅनोने जायचं, कडाक्याच्या थंडीत गोठलेल्या नदीवरून चालत नाहीतर घोड्यावर, पण मधले जे आठवडे असतात, बर्फ फुटायला लागलेलं आहे आणि अजून वाहून गेलेलं नाही, तेव्हा ना होडी चालते ना पाय ठेवता येतो, आणि कळा काही बर्फ वितळायची वाट बघत नाहीत.

२४ एप्रिल १७८९ ची नोंद बघा. वय चौपन्न. वादळात नदी ओलांडली, पुढे घोड्यावरून जाताना डोळ्यासमोर एक मोठं झाड मुळासकट उपटून आडवं पडलं, घोडा बिचकून मागे सरला म्हणून ती वाचली. ते झाड कसंबसं पार केलं तर पुढे ओढा, त्यावरचा पूल गेलेला. बाळंतिणीच्या घरचा माणूस पाण्यात उतरला आणि लगाम धरून घोडा पलीकडे नेला. रात्री दहा वाजता मुलगी झाली, दोघी सुखरूप. ह्या सगळ्याला डायरीत किती जागा दिलीय? काही ओळी. देवाचे आभार मानले आणि विषय संपला.

पोचल्यावर काय, तर बसायचं. हे कुणी सांगत नाही पण सुईणीचा निम्मा वेळ वाट बघण्यात जायचा. कळा खऱ्या की खोट्या ते बघायचं, खोट्या असल्या तरी परत जायचं का थांबायचं हा प्रश्न, कारण घर आठ-दहा मैलांवर. मग थांबायचं, विणकाम काढायचं, त्या घरची कामंसुद्धा करू लागायची. अगदी जवळ आलं की मगच शेजारणींना बोलावणं जायचं. बाळंतीण बऱ्याचदा कुणाच्या तरी मांडीवर बसून, नाहीतर गुडघ्यावर, नाहीतर बाळंतपणाच्या बुटक्या स्टुलावर बसून मोकळी व्हायची, आडवं झोपवण्याची पद्धत नंतर रुळली. मूल झालं, वार पडली, नाळ बांधून कापली, बाळाला गुंडाळलं, बाळंतिणीला पलंगावर घातलं की सुईण निघायची, कारण घरी तिची स्वतःची बाग, कोंबड्या, धुणं, सूतकताई सगळं पडलेलं असायचं. मार्थाला हे जमत होतं ते मुलींमुळे. मुली घरात माग चालवायच्या, स्वयंपाक बघायच्या, म्हणून आई बाहेर पडू शकायची. एकेक मुलगी लग्न होऊन गेली तसं तिचं घर बघणं अवघड होत गेलं ते डायरीत स्पष्ट दिसतं. आणि हो, सुईण म्हणजे फक्त बाळंतपण नाही. ताप आलेल्यांना औषधपाणी, भाजलेल्याला मलम, आणि कुणी गेलं तर प्रेताला आंघोळ घालून कपडे घालणं, हेही तिच्याकडेच.

प्र. ह्या बायका हे काम सेवा म्हणून, पुण्य म्हणून करायच्या ना? पैसे मागत असतील असं वाटत नाही.

उ. हे वाचून मी जरा उसासा टाकला, रागावू नका. त्या सुईणीचं जे चित्र आपल्या डोक्यात असतं ना, पांढऱ्या केसांची प्रेमळ आजी, हातात कंदील, चेहऱ्यावर तेज, ते मला अजिबात आवडत नाही. त्या कामाच्या बायका होत्या आणि त्यांची फी होती. मार्थाची नेहमीची फी सहा शिलिंग, न्यू इंग्लंडच्या हिशेबाने तेव्हाचा एक डॉलर. लांबचा प्रवास असला, जास्त दिवस बसावं लागलं तर जास्त. बाळंतपणाची नोंद केली की पैसे मिळाल्यावर शेजारी समासात दोन फुल्या मारायची. फुल्या नाहीत म्हणजे येणं बाकी. किती साधी सिस्टिम आहे बघा, आणि किती चोख!

रोख फार कमी घरांत असायची, म्हणून फी कधी साखर, कॉफी, लोकर, कधी कापड, कधी घरकामाला माणूस अशा रूपात यायची. ती तेही लिहून ठेवायची. आणि बुडवणारे? असणारच, गरज सरो वैद्य मरो हे काही एका गावचं दुखणं नाही. पण मार्थाला तो पैसा खरोखर लागायचा. नवरा एफ्रेम सर्व्हेयर होता, गिरणी बघायचा, पुढे कर गोळा करायचं काम घेतलं आणि गोळा न झालेल्या कराच्या रकमेपायी १८०४ मध्ये कर्जदारांच्या तुरुंगात जाऊन बसला. तेव्हा ही बाई सत्तरीला टेकलेली. आता सांगा, पुण्य पुरलं असतं का?

पॅटी सेशन्स तर ह्याच्याही पुढे. तिच्या डायरीत अमकीला मुलगा झाला, अमकीला मुलगी झाली, आणि लागलीच दोन डॉलर. कुणी किती दिले, कुणाकडून काय येणं आहे, सगळं टिपलेलं. जोडीला मोजे विणून विकायची, फळबाग लावली, मॉर्मन लोकांच्या सहकारी दुकानाचे शेअर घेतले आणि म्हातारपणी चांगली पैसेवाली होऊन मुलांसाठी स्वतःच्या पैशाने शाळा बांधून दिली. सेवा केली नाही असं मी म्हणत नाही, गरिबाकडून घेतले नाहीत असेही प्रसंग असतील. पण फी घेतली म्हणून सेवा कमी होते का? डॉक्टरला आपण हे विचारत नाही.

प्र. इंग्रजी सिनेमात मूल होताना नेहमी कुणीतरी ओरडतं, पाणी गरम करा! एवढं पाणी कशाला?

उ. धुवायला, शेकायला, आणि बाळंतिणीला काहीतरी गरम प्यायला द्यायला. जंतू मारायला नाही, जंतूंची कल्पनाच डॉक्टरांमध्ये रुजली ती १८७०-८० नंतर. आणि माझं खासगी मत असं की नवऱ्याला काहीतरी काम देऊन खोलीबाहेर ठेवायला.

प्र. मी रिटायर्ड शिक्षक. सुईणींचं फार कौतुक चाललंय, पण अडाणी हातांमुळे किती बायका मेल्या असतील त्याचा हिशेब कोण देणार? डॉक्टर आले म्हणून मरणं थांबली, हे तरी मान्य कराल?

उ. सर, अर्धं मान्य. उरलेलं अर्धं मार्थाच्या वहीतूनच सांगते, कारण हिशेब तिनेच दिलाय.

आठशेहून जास्त बाळंतपणांत तिच्या हाताखाली प्रत्यक्ष मूल होताना एकही बाई दगावली नाही. नंतरच्या दिवसांत, म्हणजे ओल्या बाळंतिणी असताना, पाच गेल्या. आजच्या मानाने हे भयंकर आहे, कुणी तसं म्हटलं तर वाद नाही. पण त्याच काळात युरोपातल्या मोठ्या शहरांत बाळंतपणाची जी हॉस्पिटलं होती, डॉक्टर असलेली, तिथले आकडे याहून कितीतरी वाईट होते. कारण सूतिकाज्वर, म्हणजे बाळंतिणीला चढणारा जीवघेणा ताप. विद्यार्थी नि डॉक्टर प्रेतं फाडून तशाच हातांनी बाळंतिणींना तपासायचे, एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जायचे. ताप हातांवरून पसरतो हे अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८४३ मध्ये लिहिलं, व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावून दाखवून दिलं, आणि दोघांनाही त्यांच्याच व्यवसायातल्या मोठ्या लोकांनी वेड्यात काढलं. वस्तीवरच्या सुईणीला यातलं काही माहीत नव्हतं, तिचा फायदा वेगळा होता. ती आठवड्याला फार तर एखाद-दुसरं बाळंतपण करायची, प्रत्येक वेळी वेगळ्या घरात, आणि फार हात घालत नसे. हात न घालणं हे तिचं खरं कसब असं मी म्हणेन. पहिलटकरणीला बारा तास, अठरा तास कळा आल्या तरी बसून राहायचं, घाई करायची नाही, ह्याला फार मन लागतं.

मार्थाच्या डायरीतला एक प्रसंग आहे. पहिलटकरीण, कळा नियमित, सगळं नीट चाललेलं, पण घरचे घाबरले आणि गावातल्या तरुण डॉक्टर पेजला बोलावलं. त्याने अफूच्या अर्काचे, लॉडॅनमचे, वीस थेंब दिले. बाई गुंगीत गेली आणि चांगल्या चाललेल्या कळा जवळजवळ थांबल्याच, संध्याकाळी तिला उलटी झाली तेव्हा कुठे परत सुरू झाल्या आणि सातला मुलगा झाला. मार्थाने हे लिहिताना आवाज चढवलेला नाही पण वाचताना ऐकू येतो.

आता तुमचं अर्धं. मूल आडवं असलं आणि वळलं नाही, बाईला झटके आले, वार अर्धी आत राहून रक्त थांबेना, तर सुईणीकडे फार काही नव्हतं. पोट चोळून गर्भाशय आवळायला लावायचं, बाळाला लगेच छातीशी लावायचं, ह्याने रक्तस्राव कमी होतो हे तिला अनुभवाने ठाऊक होतं, आणि ते आजही शिकवतात. पायाळू मूल बऱ्याच जणी सोडवायच्या. पण त्यापुढे प्रार्थना. आणि बालपणात गेलेल्या मुलांचा तर हिशेबच नको, मार्थाची स्वतःची तीन मुलं १७६९ मध्ये घटसर्पाच्या साथीत अवघ्या काही दिवसांत गेली, ती हॅलोवेलला येण्याच्या आधी. १८०० च्या सुमारास अमेरिकेतल्या गोऱ्या बाईला सरासरी सात मुलं व्हायची. प्रत्येक वेळी तोच धोका, सात वेळा.

प्र. वॅगनमधून महिनोन्‌महिने प्रवास करणाऱ्या बायकांना वाटेतच कळा सुरू झाल्या तर?

उ. तर वाटेतच व्हायचं बाळंतपण, दुसरं काय. पश्चिमेकडे जायची मोठी वाट म्हणजे ऑरेगॉन ट्रेल, जवळजवळ ३,२०० किलोमीटरची, पार करायला चार ते सहा महिने, आणि वॅगन म्हणजे आतून साधारण सव्वा मीटर रुंद, तीन मीटर लांब, तीही पीठ-मीठ-अवजारांनी भरलेली. तांड्यात शेकडो माणसं असली की कुणी ना कुणी दिवस भरलेली असणारच. गंमत म्हणजे प्रवासात लिहिलेल्या डायऱ्यांमध्ये पोटुशी हा शब्दच सापडत नाही बहुतेक, बाई "आजारी" आहे असं येतं आणि दुसऱ्या दिवशी अचानक बाळ! तांडा थांबला तर एखादा दिवस, कारण डोंगरात बर्फ पडायच्या आत पलीकडे पोचायचं असायचं. त्यामुळे ओली बाळंतीण दुसऱ्या दिवशी त्या खडखडणाऱ्या गाडीत, बिनस्प्रिंगच्या. मी स्वतः दोन सिझेरियनवाली, नुसतं लिहिताना पोटात कळ येते.

पॅटी १८४६ च्या फेब्रुवारीत इलिनॉयमधलं नॉवू गाव सोडून निघालेल्या मॉर्मन लोकांबरोबर होती. बर्फात, चिखलात, तंबूत, गाडीत, बोलावणं येईल तिथे जायची, कधी स्वतः तापाने फणफणलेली असताना. पुढच्या वर्षी मैदानं ओलांडली ती चार बैलांची गाडी स्वतः हाकत, बावन्नाव्या वर्षी. सप्टेंबर १८४७ मध्ये सॉल्ट लेक खोऱ्यात उतरली आणि दोन-तीन दिवसांत तिथे नव्याने आलेल्यांमधला पहिला मुलगा तिच्या हातावर जन्मला. आयुष्यभरात तिने ३,९७७ बाळंतपणं केली असं सांगतात. हा आकडा वाचून मी आधी हसले, मग भागाकार केला, आणि साठ-एक वर्षं काम केलेल्या बाईला तो अशक्य नाही असं दिसलं.

प्र. मी आठवीत आहे. शाळेत प्रोजेक्ट आहे. सुईणीच्या पिशवीत काय काय असायचं ते सांगाल का?

उ. सांगते की. फार काही नाही असायचं, चित्र काढायला सोपं पडेल तुला. कात्री, नाळ बांधायला तागाचा मजबूत दोरा, स्वच्छ एप्रन, जुन्या धुतलेल्या कापडाचे तुकडे. एक तुकडा चुलीपाशी धरून भाजून थोडा करपवायचा आणि बाळाच्या बेंबीवर ठेवायचा, अशी पद्धत होती. कशासाठी ते त्यांना नेमकं सांगता आलं नसतं, पण तापवलेलं कापड जास्त स्वच्छ असतं हे तुला सायन्समध्ये शिकवलंय. मग वाळवलेल्या पाल्याच्या पुड्या, कॅमोमाइल, रास्पबेरीची पानं, टॅन्झी, जे बागेत नि रानात मिळेल ते. काहींकडे अर्गट असायचं, राय नावाच्या धान्यावर येणारी काळी बुरशी, तिने गर्भाशय जोरात आवळतं. १८०८ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन स्टर्न्स नावाच्या डॉक्टरने त्याबद्दल लिहिलं आणि ते प्रसिद्ध झालं, पण त्याला ते कळलं होतं एका सुईणीकडून! औषध धोक्याचं होतं, मूल व्हायच्या आधी दिलं तर मूल दगावायचं, म्हणून पुढे डॉक्टरच एकमेकांना सावध करायला लागले. हे सगळं लिहिलंस तर मार्क चांगले पडतील, पण पाठ न करता तुझ्या शब्दांत लिही.

प्र. सुईणीला घराघरातली गुपितं कळत असतील. ती गुपितंच राहायची का?

उ. एक गुपित तर ठेवायचं नाही असा कायदाच होता. मॅसॅच्युसेट्समध्ये (मेन तेव्हा त्यातच यायचं) लग्न न झालेली बाई बाळंत होत असेल तर सुईणीने ऐन कळांच्या वेळी विचारायचं, बाप कोण. समजूत अशी की त्या वेदनेत बाई खोटं बोलणार नाही. तिने जे नाव घेतलं ते कोर्टात पुरावा म्हणून चालायचं आणि त्या पुरुषाला मुलाचा खर्च द्यावा लागायचा. ऐकायला क्रूर वाटतं, आहेच, भर कळांमध्ये चौकशी! पण त्या बाईच्या हाती तेवढंच एक हत्यार होतं हेही खरं, आणि ते तिच्या हातात ठेवायचं काम सुईणीचं.

तर ऑक्टोबर १७९१ मध्ये मार्था सॅली पियर्स नावाच्या मुलीच्या बाळंतपणाला गेली. विचारलं. सॅलीने नाव घेतलं जोनाथन बॅलर्ड. म्हणजे मार्थाचाच मुलगा. मार्थाने ते नाव इतर कुणाचंही लिहिलं असतं तसं डायरीत लिहिलं. पुढच्या फेब्रुवारीत जोनाथन आणि सॅलीचं लग्न झालं. त्या रात्री घरी जाताना तिच्या मनात काय चाललं असेल ह्यावर मी खूप विचार केलाय, पण डायरी त्या बाबतीत मख्ख आहे.

प्र. गोऱ्या बायकांचीच नावं सांगताय. इतर नव्हत्या?

उ. होत्या, आणि खूप होत्या. दक्षिणेत तर गोऱ्या मालकिणींची बाळंतपणंसुद्धा गुलाम म्हणून राबणाऱ्या काळ्या सुईणी करायच्या. फरक एवढाच की लिहायला-वाचायला शिकू न दिल्यामुळे त्यांच्या डायऱ्या नाहीत. बिडी मेसन त्यातलीच. जन्म गुलामीत, मिसिसिपीतला मालक मॉर्मन झाला आणि १८४८ मध्ये सगळ्यांना घेऊन पश्चिमेकडे निघाला. बिडी वॅगनच्या मागून चालत. जनावरं हाकायची, स्वयंपाक करायचा, कुणी अडली तर बाळंतपण करायचं, आणि स्वतःच्या तीन मुली सांभाळायच्या, धाकटी अंगावर पिणारी. पुढे मालकाने कॅलिफोर्नियाला नेलं, जिथे गुलामी बेकायदा होती, आणि तिथून टेक्सासला हलवायला निघाला तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं. काळ्या माणसाला गोऱ्याविरुद्ध साक्ष देता येत नव्हती, म्हणून न्यायाधीश बेंजामिन हेज यांनी तिचं म्हणणं आपल्या खोलीत ऐकलं. जानेवारी १८५६, बिडी आणि तिच्याबरोबरचे मिळून १४ जण मोकळे.

मग लॉस एंजेलिसमध्ये एका डॉक्टरकडे नर्स आणि सुईण म्हणून लागली, दिवसाला अडीच डॉलर. दहा वर्षं साठवले. १८६६ मध्ये स्प्रिंग स्ट्रीटला २५० डॉलरची जमीन विकत घेतली, स्वतःच्या नावावर. सही करता येत नव्हती. पण मघाचा तो फीचा वाद आठवा, ही बाई फी घेत नसती तर ती जमीन कुठून आली असती?

प्र. मग ह्या सुईणी गेल्या कुठे?

उ. एकदम नाही गेल्या. १९०० मध्येसुद्धा अमेरिकेतली निम्म्याच्या आसपास बाळंतपणं सुईणीच करत होत्या. मग शहरं, हॉस्पिटलं, भूल, आणि डॉक्टरांच्या संघटनांचा जोर. १९२१ मध्ये आई-बाळांच्या आरोग्यासाठीचा शेपर्ड-टाउनर कायदा झाला, त्यातल्या सरकारी पैशातून काही राज्यांनी सुईणींना शिकवलं, नोंदणी केली, तो कायदा १९२९ मध्ये बंद पडला. दरम्यान १९२५ मध्ये केंटकीच्या डोंगरात मेरी ब्रेकिनरिज यांनी फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिस सुरू केली, शिकलेल्या नर्स-सुईणी, घोड्यावरून, खोगिराला औषधांच्या पिशव्या. झाड पडलेलं, पूल गेलेला, तेच सगळं. फक्त आता हात धुवून.

प्र. मार्थाची डायरी एवढी वर्षं टिकली कशी?

उ. मुलीकडे राहिली, मग तिच्या मुलींकडे. १८७० मध्ये गावाचा इतिहास लिहिणाऱ्या एका गृहस्थाने ती चाळली आणि काही अपवाद सोडता ह्यात फारसं कुणाला रस वाटण्यासारखं नाही असा शेरा मारला, कारण काय तर रोज हवामान, सूत, आणि कोण बाळंत झालं एवढंच! १८८४ मध्ये ती मेरी होबार्ट नावाच्या खापरपणतीला मिळाली, जी तेव्हा नुकतीच डॉक्टर झाली होती, आणि तिने १९३० मध्ये ती मेनच्या स्टेट लायब्ररीला दिली. जाता जाता, अमेरिकन रेड क्रॉस काढणारी क्लारा बार्टन ही मार्थाच्या सख्ख्या बहिणीची नात.

शेवटची नोंद ७ मे १८१२ ची. थंडी, वारा, सून आणि नातवंडं आली होती, पाद्री येऊन प्रार्थना करून गेले. त्याच्या आदल्या महिन्यापर्यंत ती बाळंतपणाला जात होती. पेपरात बातमी आली ती एका ओळीची, की ऑगस्टा (हॅलोवेलमधून वेगळं झालेलं गाव) इथे मिस्टर एफ्रेम बॅलर्ड यांच्या पत्नी मिसेस मार्था वारल्या, वय ७७.